रूळ नसलेलं फाटक

या धाग्यावर मी आजवर फक्त चेष्टा करायला येत होते, हे इथल्या जुन्या मंडळींना माहीत आहे. कुणी घाटात पांढऱ्या साडीतली बाई पाहिली की खाली "साडी कॉटनची होती का सिंथेटिक?" असं विचारणारी ती मीच. त्यामुळे आता तुम्ही मला काय काय म्हणाल याची मला पूर्ण कल्पना आहे... म्हणा. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमच्या धंद्यात जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते घडलंच नाही असं धरतात, तिकीट, म्हणजे चुकीची नोंद, बंद करतात आणि जेवायला जातात. हे एक तिकीट मात्र मला अजून बंद करता आलेलं नाही.

आम्ही राहतो जर्मनीत, आमची ऑफिसं आहेत त्या वाल्डॉर्फपासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर, टेकड्यांच्या पायथ्याशी. गावाचं नाव देत नाही, कारण मला तिथेच राहायचं आहे आणि शेजाऱ्यांची तोंडं रोज बघायची आहेत. वाल्डॉर्फमधली भाडी ऐकून माझ्या नवऱ्याने, म्हणजे मंदारने, हात टेकले होते. मग शोधत शोधत हे गाव सापडलं. घर मोठं, भाडं कमी, मागे बाग. एवढं स्वस्त का, असं मी विचारलं तेव्हा घरमालकीणबाई म्हणाल्या, इथे आता रेल्वे नाही ना.

या घरमालकीणबाई म्हणजे फ्राऊ हाउक. ऐंशीच्या पुढच्या, खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते. गावाचा सगळा इतिहास मला त्यांनीच कॉफी पाजून पाजून ऐकवला, आणि मला तो ऐकावा लागला, कारण भाडं वाढवायचं की नाही हे त्यांच्या हातात. तर पूर्वी इथे नुसती तंबाखूची आणि बीटाची शेतं. मग मेन लाइनवरून एक फाटा या खोऱ्यात काढला आणि गाव अंगाने भरलं. विटा न्यायला मालगाडीच्या वाघिणी मिळाल्या म्हणून वीटभट्टी आली. भट्टीचे कामगार आले म्हणून दोन खानावळी आणि एक खाटीक आला. बीट निघायच्या दिवसांत मालधक्क्यावर अख्खं गाव राबायचं, शाळेला सुट्टी द्यायचे. रेल्वेचा पगार काही फार नव्हता म्हणे, पण तो चुकायचा नाही, आणि राहायला घर मिळायचं. आमची गल्ली म्हणजे त्याच रेल्वे कामगारांच्या घरांची ओळ.

मग आधी पॅसेंजर बंद झाली. त्यानंतर बरीच वर्षं नुसती मालगाडी चालली, ती ट्रकनी खाल्ली. वीटभट्टी बसली. खाटीक गेला, पोस्ट गेलं, रूळ उचलून नेले. पोरं शहरात गेली आणि म्हाताऱ्या माणसांचं गाव उरलं. आता आमच्यासारखे लोक येऊन घरं भरतायत, रोज गाडीने ऑफिसला जातायत. फ्राऊ हाउक म्हणतात, गाव पुन्हा झोपायला यायची जागा झालंय, तेवढंच.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे फाटक.

गावातून बाहेर पडताना, किटाकडे... म्हणजे बालवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जागा आहे, जिथून ती लाइन रस्ता ओलांडायची. आता तिथे काहीही नाही. रुळांच्या जागी सायकलचा रस्ता, आणि रस्त्याच्या डांबरावर एक बारीकसा उंचवटा. पाटी नाही, सिग्नल नाही. आणि तरीही या गावचे लोक तिथे थांबतात. गाडी पूर्ण थांबवतात, डावीकडे बघतात, उजवीकडे बघतात, थोडं बसून राहतात, मग जातात. सायकलवाले एक पाय खाली टेकतात. तरुण पोरंसुद्धा, ज्यांनी आयुष्यात तिथे रूळ पाहिलेला नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सकाळी मुलीला सोडून मीटिंग गाठायची असते, आणि पुढे एखादे आजोबा रिकाम्या रस्त्याला मान देत उभे. एकदा मी हॉर्न वाजवला. संध्याकाळपर्यंत ते फ्राऊ हाउकना कळलं होतं. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, इथे हॉर्न वाजवत नाहीत, इथे थांबतात. का, तर थांबतात. बस्स. एवढ्या नियमांचा देश, आणि ज्याचा नियम नाही तोही पाळतात, असं मी घरी येऊन मंदारला वैतागून सांगितलं. तो हसला. तो स्वतः कधी तिथे थांबायचा नाही आणि मीही नाही.

मागच्याच्या मागच्या वर्षी माझे सासरे गेले. नंतर सासूबाई, म्हणजे आई, तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आल्या. अमरावतीला त्यांचं स्वतःचं छोटं घर आहे, पुढे पारिजातक, मागे विहीर. जन्मभर शाळेत शिकवलं. बोलायला एकदम नेमक्या, आमच्याशी अगदी पुस्तकी बोलतात, पण घाबरल्या की वऱ्हाडीवर येतात. त्यांचे वडील मूर्तिजापूरच्या बाजूला नॅरोगेजवर फाटकवाले होते. म्हणजे आईंचं लहानपण फाटकाला लागून असलेल्या एका खोलीच्या क्वार्टरमध्ये गेलं. हे मला आधी जेमतेम ऐकून माहीत होतं.

मंदार एकुलता एक. वडील गेल्यापासून त्याच्या डोक्यात एकच चालू होतं... आई तिकडे एकटी कशी राहील. पुण्यात त्याने एक सीनियर लिव्हिंग बघून ठेवलं होतं. डॉक्टर चोवीस तास, जेवण, भजन, सगळं. अमरावतीचं घर विकायचं. आईंना ते नको होतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या की हातपाय आणि डोकं चालतंय तोवर मला माझ्या घरात राहू द्या. मंदार म्हणाला, आल्झो, हातपाय आणि डोकं चालतंय तोवर. (ऑफिसात शिकलेला हा आल्झो, म्हणजे 'तर मग', तो निकाल देताना वापरतो, मला फार राग येतो त्याचा.) म्हणजे सगळं त्या तीन महिन्यांवर होतं. आई धड आहेत असं दिसलं तर अमरावती, नाहीतर पुणे.

आल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना गाडीत घेऊन इराला, आमच्या चार वर्षांच्या मुलीला, किटातून आणायला निघाले. त्या जागेजवळ आलो आणि आईंनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब न सायली. फाटक लागलं आहे."

मी थांबले. खरं सांगते, फाटक वगैरे मला काही दिसलं नाही, मी त्यांच्या आवाजाला थांबले. त्या समोर बघत होत्या, ट्रॅफिकमध्ये बघतो तशा, जरा कंटाळलेल्या. मी म्हटलं, अहो आई, इथे काही नाहीये. त्या म्हणाल्या, गाडी येऊन राहिली न, जाऊ दे तिला. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाल्या, चल, उघडलं.

मी तेव्हा फार मनावर घेतलं नाही. वाटलं, गावातले लोक थांबतात हे त्यांनी खिडकीतून पाहिलं असेल आणि लहानपणीची सवय वर आली असेल. पण तसं म्हणावं तर आमच्या खिडकीतून तो रस्ता दिसत नाही. आणि त्यानंतर हे रोजचंच झालं. रोज नाही, पण बरेचदा. कधी म्हणायच्या, आज उघडं आहे, जा. एकदा इराने मागून सांगितलं, "आजी, दा इस्ट दोख निख्ट्स," म्हणजे आजी, तिथे काही नाहीच आहे. मी ते आईंना मराठीत सांगितलं, तशा त्या हसल्या आणि इराला म्हणाल्या, तू लहान आहेस, तुला उंचावरून दिसत नाही.

मी विचारायचे, काय दिसतं म्हणून. त्यांनी सांगितलं ते असं — लाल-पांढरा दांडा, बाजूला एक बुटकं घर, एक जाडसर बाई हँडल फिरवून दांडा खाली घेते आणि गाडी गेली की वर करते. आणि उतारावर गवतात एक पांढरी शेळी बांधलेली. ती बाई आईंकडे बघून हात करते, थांबा म्हणून. आईंच्या वडिलांना ताप आला की त्यांची आई फाटक सांभाळायची, तीही अशीच हात करायची म्हणे.

मी हे मंदारला सांगायला नको होतं. पण सांगितलं, कारण मी न सांगता राहू शकत नाही, माझा स्वभावच तसा आहे. त्याचा चेहरा उतरला. तो म्हणाला की हे सगळं तिच्या लहानपणातलं आहे, फाटक, आई, शेळी, सगळं, आणि माणसाचं डोकं जायला लागतं तेव्हा असंच जुनं वर येतं. मला ते पटलं. अगदी पटलं. वऱ्हाडात कुठल्या फाटकवाल्याच्या दारात शेळी नसेल?

आम्ही आईंना हायडेलबर्गला एका डॉक्टरबाईंकडे नेलं. मंदार दुभाषा. त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं, उलटे आकडे म्हणायला लावले, थोड्या वेळापूर्वी सांगितलेले शब्द विचारले. आईंनी सगळं केलं, वर डॉक्टरबाईंना पेन नीट धरायचं कसं तेही दाखवलं. डॉक्टरबाई म्हणाल्या की वयाच्या मानाने उत्तम आहेत. फाटकाचं ऐकल्यावर मात्र म्हणाल्या, लक्ष ठेवा. झालं. मंदारने त्या दोन शब्दांना धरलं. घरी आल्यावर त्याने पुण्याला फोन करून खोली राखून ठेवायला सांगितली. आईंना त्याने ते जेवताना सांगितलं. आईंनी भात कालवला आणि तो तसाच ठेवून उठल्या. मला फार वाईट वाटलं, आणि मी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी फ्राऊ हाउककडे गेले. मला खरं तर मंदारच बरोबर आहे हे पक्कं करायचं होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं की त्या फाटकावर कोण असायचं. त्या म्हणाल्या, बाई असायची. नवरा लाइनवर कामाला, फाटक बायको बघायची, पगार नावाला, पण घर मिळायचं आणि बांधावरचं गवत कापायची परवानगी. म्हणून मग प्रत्येकाकडे शेळी. या भागात शेळीला रेल्वेवाल्यांची गाय म्हणायचे, त्या हसत म्हणाल्या.

आता हे मला माहीत नव्हतं. आईंना जर्मन येत नाही, फ्राऊ हाउकना जर्मनशिवाय काही येत नाही. मी विचारलं, आणि फाटकाजवळ घर होतं? होतं की, त्या म्हणाल्या, पाडलं. मग मी सरळच विचारलं की तुम्हाला अजून तिथे काही दिसतं का. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मीच डॉक्टरकडे जायला हवं. म्हणाल्या, दिसायचं काय त्यात? आपण थांबतो आणि मग जातो.

मी हे घरी सांगितलं. मंदार म्हणाला, तिकडेही शेळी, इकडेही शेळी, गरीब माणसं जगात सगळीकडे शेळ्याच पाळतात. शेवटी त्याने मला एक गोष्ट करायला सांगितली. पुढच्या वेळी तिने थांब म्हटलं तर थांबू नकोस. हळू, पण सरळ जा. काही आडवं आलं नाही हे तिला एकदा दिसू दे. मला टेस्टर म्हणून ते योग्य वाटलं. सून म्हणून नाही वाटलं, पण मी हो म्हटलं.

ऑक्टोबरचा दिवस होता, दुपार. ऊन नाही, पाऊस नाही, धुकंही नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पहिला प्रश्न तोच येणार. आम्ही बाजार करून, इराला घेऊन परत येत होतो. आई शेजारच्या सीटवर झोपल्या होत्या, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं. मागच्या गाडीत कोपऱ्यावरच्या घरातले झाइट्स आजोबा, इथल्या भाषेत हेर झाइट्स, होते, ज्यांच्यावर मी मागे हॉर्न वाजवला होता तेच. मला वाटलं, बरं झालं, आई झोपल्यात, आज प्रश्नच नाही. मी वेग कमीसुद्धा केला नाही.

आणि दांडा खाली होता.

मला दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगता येत नाही. अंधूक नाही, धूसर नाही. लाल-पांढरा रंग, काही ठिकाणी पोपडे गेलेला, मध्ये एक कंदील अडकवलेला. मी करकचून ब्रेक मारला. पिशवीतले बटाटे पुढे घरंगळले. मी बसून राहिले. पायाखाली बारीक थरथर होती, इंजिनाची असेल, गाडी बंद पडली होती का ते मला आठवत नाही. बाई मला दिसली नाही. घर दिसलं नाही. आईंनी सांगितलेलं दुसरं काहीच मला दिसलं नाही, गाडीही नाही. फक्त दांडा. पण हँडल फिरवल्याचा कटकट आवाज मी ऐकला... विहिरीवरचा रहाट असतो ना, तसा. मला रडूच यायला लागलं, का ते माहीत नाही.

मग रस्ता मोकळा होता. दांडा वर जाताना मी पाहिला नाही. इरा मागून विचारत होती की आपण का थांबलोय. आई झोपेतच होत्या. हेर झाइट्स मागे निवांत उभे होते, हॉर्न नाही काही नाही. मी निघाले तेव्हा त्यांनी आरशातून मला हात केला, शेजारी करतात तसा.

नंतर मी त्यांना गाठून विचारलं. ते म्हणाले, तू शेवटी आमच्यातली झालीस. काय पाहिलंत, असं विचारलं तर म्हणाले, तुझी गाडी थांबलेली पाहिली.

त्या संध्याकाळी मंदारने विचारलं, आज आई थांब म्हणाली का? आई समोर लसूण सोलत बसल्या होत्या.

"आई झोपल्या होत्या," मी म्हटलं. "मी थांबवली. मला दिसलं."

मग त्याने मला आत नेऊन विचारलं की तू हे आईसाठी म्हणतेयस का. रागावला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं. मी माझ्या मुलीची शपथ घेतली. मी, जिने आयुष्यात कधी शपथ घेतलेली नाही. बाहेर आलो तर आई एवढंच म्हणाल्या, थांबलीस न, मग झालं.

मंदारने पुण्याची खोली सोडून दिली. एका घरातल्या दोन बायकांना एकच भास कसा होईल, हे त्याचं गणित. आई डिसेंबरात अमरावतीला गेल्या, एकट्या, आपल्या घरी.

मी त्यानंतर ती जागा सगळ्या तऱ्हेने तपासली. तीच वेळ, तसंच आभाळ, वेगात, हळू, पायी, सायकलवर. दांडा मला पुन्हा कधीच दिसला नाही. मी आता तिथे थांबते. इरा विचारते का, तर तिला काय सांगायचं ते मला कळत नाही. डोळ्यांची तपासणी केली, डोक्याचा एमआरआय काढला, काही नाही. आईंनी इतके वेळा वर्णन केलं होतं की माझ्या डोक्याने ते उभं केलं, असंही असेल. मग घर आणि शेळी का नाही उभी केली? मला यातलं काहीच जुळवता येत नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळं आहे. गेल्या आठवड्यात अमरावतीहून आईंच्या शेजारच्या वैशालीताईंचा फोन आला. मंदारला नाही, मला. त्या म्हणाल्या, काकू भाजीला जाताना कोपऱ्यावर मध्येच थांबतात हो. बराच वेळ उभ्या राहतात, मग जातात. विचारलं तर फाटक लागलं होतं म्हणतात. त्या कोपऱ्यावर कधीच रेल्वे नव्हती. मी मंदारसमोर विषय काढून बघितला, आडून. त्यालाही ठाऊक आहे, तिथे कधीच लाइन नव्हती.

म्हणजे तेव्हापासूनच त्यांना बरं नव्हतं? आणि मी माझ्या एका दुपारच्या जोरावर त्यांना एकटं धाडून दिलं? की नाही... मंदारला अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की घर जाणार. नाही सांगितलं आणि उद्या त्या रहदारीत उभ्या राहिल्या तर? मला झोप नाही.

काल मी त्यांना फोन केला. भाजी, दूध, पारिजातक, सगळं झालं. मग मी हळूच कोपऱ्याचं विचारलं.

"सायली, मला खरं सांग," त्या म्हणाल्या. "तिथं तुला दिसलं होतं न? की माह्यासाठी म्हणाली होतीस?"

दिसलं होतं, मी म्हटलं.

"मंग बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला तो फोनवर ऐकू आला. इतके दिवस मी त्यांच्या भरवशावर होते, की त्यांनी तरी ते नक्की पाहिलं आहे. आणि त्या माझ्या भरवशावर होत्या.